थकलेले भाडे, बंद खोली आणि न फाडलेली पावती

गोव्याच्या डिचोली तालुक्यात पाळी, वेळगे, साखळी या पट्ट्यात खाणी जोरात होत्या, तेव्हा कामगारांना आणि ट्रकचालकांना खोल्या लागत आणि घरामागच्या खोलीचे भाडे संसाराला हातभार लावी. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च 2018 मध्ये त्या पुन्हा बंद झाल्या. अशा वेळी भाडेकरूची कमाईच आटते, भाडे थकते, आणि एखादा खोलीला कुलूप लावून गावी निघून जातो. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून पेडण्यातही भाड्याच्या खोल्यांना मागणी आहे, म्हणजे हेच प्रश्न तिथेही उभे राहणार. अशा वादात दोन्ही बाजू ज्या समजुतींवर हटून बसतात, त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत. त्यांच्या मुळाशी एकच विसर आहे: घर कोणाचे, हा या वादातला पहिला प्रश्न नसतो. समोरचा माणूस त्या घरात कोणत्या नात्याने शिरला, हा असतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मालकांचा आहे. पावती दिली की भाडेकरूचा हक्क पक्का होतो, म्हणून रोख घ्यावे आणि कागद करू नये, असे सर्रास सांगितले जाते. गोव्यात तरी हे नेमके उलटे आहे. इथे 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने घर करून कायम राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, तो संरक्षण देतो. घर आणि भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही देतो, आणि पंचायत क्षेत्रात ही जागा तीनशे चौरस मीटरपर्यंत जाऊ शकते. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या मर्जीवर जगलेल्या कुटुंबांसाठी हा कायदा आवश्यकच होता. पण भाटकाराच्या मालकीच्या घरात भाडे देऊन राहणारा मुंडकार ठरत नाही, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिले आहे. मग पंधरा वर्षे भाडे घेऊन एकही पावती न देणाऱ्या मालकाकडे हे भाडेच होते याचा पुरावा कोणता? उद्या राहणाऱ्याने मुंडकारपणाचा मुद्दा काढला, तर दिवाणी न्यायालयाला तो मामलेदाराकडे पाठवावा लागतो आणि मूळ दावा तोवर अडून राहतो. तारीख, महिना, रक्कम आणि सही असलेली पावती भाडेकरूला जितकी उपयोगी, त्याहून ती मालकाला अधिक उपयोगी.

राखणदाराबाबत भीती उलट्या दिशेची आहे. मुंबईला किंवा परदेशी गेलेली कुटुंबे जुने घर नातेवाइकाकडे सोपवायला कचरतात, कारण बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते, असे ऐकलेले असते. परवानगीने मिळालेला ताबा कितीही लांबला तरी नुसत्या वर्षांनी तो मालकीत बदलत नाही. गोव्यातल्याच एका बहीण-भावाच्या घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2012 रोजी हे स्वच्छ सांगितले. बहिणीने भावाकडे घर सांभाळायला दिले होते आणि खालच्या न्यायालयांत निकाल भावाच्या बाजूने लागला होता. राखणदार किंवा नोकर यांचा ताबा हा मालकाच्या वतीने असतो, दीर्घ वास्तव्याने त्यांना हक्क मिळत नाही, असे म्हणत न्यायालयाने ते निकाल फिरवले. घरपट्टी किंवा विजेचे बिल भरल्यानेही मालकी येत नाही. त्या पावत्या राहत असल्याचा पुरावा होतात, एवढेच.

आता कुलपाकडे येऊ. भाडे दिले नाही आणि माणूसही दिसत नाही, मग आपल्याच खोलीचे कुलूप तोडायला कोणाची परवानगी, असे मालकाला वाटते. पण कुलूप लावून जाणे म्हणजे खोली सोडणे नव्हे. भाडेकरूने किल्ली परत दिली आणि मालकाने ती स्वीकारली, तर भाडेपट्टा संपला म्हणता येते. त्या वेळी दोन ओळी लिहून सह्या घ्याव्यात. एरवी कायदेशीर मार्गाविना ताबा काढून घेतला, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली भाडेकरू सहा महिन्यांच्या आत दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहिलेच जात नाही. आत पैसे-दागिने होते, असा आरोप झाला तर तो खोडणे त्याहून कठीण.

यावर आक्षेप येतो की निकाल लागेपर्यंत म्हातारा मालक जगायचा नाही. आक्षेप रास्त आहे, विलंब खरा आहे. पण कायदा मालकाला वाटतो तितका निःशस्त्र ठेवत नाही. गोव्याचा 1968 चा इमारत भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे, तिथे एकूण तीन महिन्यांचे भाडे थकल्यावर रजिस्टर नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून किंवा नाकारल्यापासून तीस दिवसांत भरणा झाला नाही, तर खोली रिकामी करून मिळावी म्हणून रेंट कंट्रोलरकडे अर्ज करता येतो. अर्जाला विरोध करायचा असेल, तर भाडेकरूला आधी थकबाकी भरावी लागते. गावी गेलेल्याला त्याच्या कायमच्या पत्त्यावर नोटीस धाडावी. म्हणून तो पत्ता खोली देतानाच लिहून घ्यावा. मात्र थकबाकी वसूल करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. देईल कधीतरी म्हणून जो गप्प बसतो, त्याचे जुने महिने एकेक करून बुडत जातात.

भाडेकरूंचाही एक हट्ट तितकाच घातक आहे: मालक घेत नाही, मग मी का देऊ? मालक मुद्दाम भाडे नाकारतो, थकबाकी साचू देतो आणि तीच पुढे खोली रिकामी करून घेण्याचे कारण म्हणून वापरतो, हे घडते. म्हणूनच नाकारलेले भाडे कंट्रोलरकडे जमा करण्याची सोय आहे. निदान बँकेतून पाठवून नोंद तरी ठेवावी. काम गेल्यामुळे थकलेल्या माणसाने तोंड चुकवण्यापेक्षा हप्ते मागावेत. दावा कोर्टात असेल तर तो लोकन्यायालयात नेता येतो. तिथली तडजोड हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते, तिच्यावर अपील नसते आणि भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. थकबाकीतले काही सोडून ठरल्या तारखेला किल्ली परत घेणे मालकाला मानहानीचे वाटते. पण रिकाम्या झालेल्या खोलीचे नवे भाडे पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते, आणि भाडेकरूही कर्जाच्या ओझ्याशिवाय दुसरीकडे काम शोधू शकतो.