पाळी लांबते तेव्हा आत काय घडतं?

मागच्या महिन्यात बचत गटाची बैठक संपली, हप्ते भरून झाले, तरी एक मैत्रीण बसूनच राहिली. लग्नाला चार वर्षं झालेली, पाळी तीन-तीन महिने येत नाही. डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलंय. घरात मात्र एकच बोलणं, "हिच्यातच खोट आहे." म्हणून आज हा विषय.

ती एकटी नाही. मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एका निकषाने २२.५ टक्के, तर दुसऱ्या कडक निकषाने १०.७ टक्के मुलींना हा त्रास आढळला.

पीसीओएसमध्ये स्त्रीबीज दर महिन्याला बाहेर पडत नाही. ते बाहेर पडलं की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार होतं. पेरणीला वाफसा लागतो, तसंच हे.

या तयारीत पांढऱ्या पेशीही राबतात. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'नैसर्गिक मारक पेशी'. नावाला घाबरू नका. अस्तरातल्या या पेशी गर्भाला मारत नाहीत, उलट वारेला रक्त नीट मिळावं म्हणून रक्तवाहिन्या रुंद व्हायला मदत करतात. पीसीओएस असलेल्या बायकांच्या अस्तरात त्या कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. पण हे अभ्यास लहान आहेत.

म्हणून रक्तातल्या मारक पेशी मोजायची महागडी तपासणी कुणी सांगितली, तर आधी विचारा, "यामुळे माझ्या उपचारात काय बदल होईल?" रक्तातल्या पेशींवरून अस्तरातल्या पेशी कळत नाहीत.

आता महत्त्वाचं. पाळी आली नाही तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. प्रोजेस्टेरॉनविना अस्तर वाढतच राहतं आणि पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तीन महिने पाळी नसेल, तर गरोदर नाही ना हे बघून डॉक्टरांना दाखवा. पाळी आणणाऱ्या गोळ्या आहेत, बीज बाहेर पडण्यासाठीही गोळ्या आहेत. वजन जास्त असेल तर थोडं कमी झालं तरी फरक पडतो.

आणि मूल होत नसेल, तर नवऱ्याचीही तपासणी करा. ती साधी असते. त्या मैत्रिणीला आम्ही हेच सांगितलं. पुढच्या खेपेला दवाखान्यात दोघं मिळून गेले.