घणाचा जोर आणि घणाचा ताबा

बिडाच्या ओतीव तुकड्याला सरळ अशी एकही बाजू नसते. कोपऱ्यांत भाजलेली वाळू अडकलेली असते. साच्याच्या दोन पेट्या जिथे मिळाल्या तिथे पातळ धार उमटलेली असते. वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून त्याला दिलेला उतार तुकड्याच्या उभ्या बाजूंवर जसाच्या तसा उतरलेला असतो. छोट्या स्टीम हॅमरचा संच म्हणजे असे तुकडे: पाया, दोन पायांचा सांगाडा, सिलिंडर, त्याची झाकणं, व्हॉल्व्हची पेटी, घण, ऐरण. सोबत एक ड्रॉइंग. डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मावणाऱ्या लेथवर यातलं बरंचसं काम होतं. जे होत नाही त्यासाठी एमआयडीसीतलं एखादं वर्कशॉप रिक्षाच्या अंतरावर असतंच.

पहिला प्रश्न येतो तो माप कुठून धरायचं हा. एमआयडीसीच्या फेज दोनमधल्या एका तरुण मिलिंगवाल्याने मला तो एका वाक्यात सोडवून दिला : "काका, आधी एक बाजू खरी करा, मग बाकीच्या तिला विचारून करा." मी सांगाड्याचा तळ निवडला. सरफेस प्लेटला निळा रंग अगदी पातळ फासायचा, तळ त्यावर टेकवून हलवायचा आणि जिथे निळं लागेल तेवढाच उंचवटा कानशीने उतरवायचा. सुरुवातीला दोन-तीन कोपऱ्यांवर डाग येतात. ते हळूहळू सगळ्या तळावर पसरले की तळ खरा झाला. मग त्यावर उभं करून हाइट गेजने प्रत्येक रेघ मारायची. तुकडा किंचित वाकडा ओतला गेला असेल, तर एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त माल काढून सगळे पृष्ठभाग साफ निघतील असा मध्य शोधावा लागतो. पुढचं सगळं काम या मार्किंगवर उभं राहतं, म्हणून त्यात घाई करायची नाही.

बिडाची वरची कातडी कठीण असते. वाळूला टेकलेला भाग आधी थंड होतो, शिवाय वाळूचे कण त्यात रुतून बसतात. भीत भीत पातळ काप घेतला, तर टूल त्या कातडीवरच घासत राहतं आणि त्याची धार जाते. पहिला काप कातडीखाली शिरेल इतका खोल हवा. एकदा आत गेलं की बीड मऊ लागतं. त्यात मुळातच ग्रॅफाइट असल्याने तेल लागत नाही. लांब वळ्या निघत नाहीत, काळी भुकटी पडते आणि ती नखांत, चष्म्यावर, लेथच्या बेडवर सगळीकडे जाते. काम संपल्यावर बेड पुसायला विसरायचं नाही.

सिलिंडर फेसप्लेटवर बांधून बोअर करायचा. माझ्या ड्रॉइंगमध्ये व्यास २० मिलिमीटर आहे. बोअरिंग बार बारीक असल्याने तो कापाच्या दाबाने किंचित वाकतो, म्हणून शेवटी माप न वाढवता टूल पुन्हा एकदा आतून फिरवायचं. तेव्हाही थोडी भुकटी निघते. तो बारच्या लवचिकपणाने मागे ठेवलेला माल. सिलिंडर तसाच बांधलेला असताना खालचा चेहराही कापून घ्यायचा, म्हणजे भोक आणि चेहरा यांतला काटकोन मशीनच देते.

या काटकोनाला एवढं महत्त्व का, ते हे यंत्र कशासाठी जन्मलं हे पाहिलं की कळतं. 'ग्रेट ब्रिटन' या जहाजाच्या चाकांसाठी लागणारा अजस्र शाफ्ट घडवेल असा घण इंग्लंडमध्ये नव्हता. जुने घण दांड्यावर बसवलेले असत आणि ठरावीक उंचीपर्यंतच उचलले जात. ऐरणीवरचा लोखंडाचा गोळा जितका जाड, तितकं घणाला पडायला अंतर कमी. म्हणजे जिथे मोठा घाव हवा तिथेच घाव दुबळा. २४ नोव्हेंबर १८३९ रोजी जेम्स नास्मिथ या इंजिनियरने वहीत याचं उत्तर काढलं : सिलिंडर उलटा वर टांगायचा, दट्ट्याचा दांडा खाली सोडायचा आणि त्याला घण जोडायचा. वाफ घणाला सरळ उचलणार, सरळ सोडणार. त्या जहाजाला पुढे चाकांऐवजी पंखा बसला आणि तो शाफ्ट लागलाच नाही. पहिला असा घण १८४० मध्ये फ्रान्समधल्या ल क्रूझो इथे तिथल्या बुर्दाँ या इंजिनियरने उभा केला. नास्मिथने १८४२ मध्ये पेटंट घेतलं. श्रेय कुणाचं यावर दोघांत वाद राहिला.

आपल्या भागाशी याचा एक धागा जुळतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आणि पुढच्या वर्षी कल्याणला जी गाडी आली, तिच्यासाठी पहिली इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीने बनवली. नास्मिथचा पॅट्रिक्रॉफ्टचा कारखाना लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्गावर होता आणि ती फाउंड्रीही त्याच मार्गाजवळ होती.

सरळ उचलणं आणि सरळ सोडणं कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात सिलिंडरचा बोअर, दट्ट्याचा दांडा ज्यातून खाली येतो त्या ग्लँडचं भोक, सांगाड्यावरच्या दोन गाइड आणि ऐरणीचा मध्य एका रेषेत यावे लागतात. मी ग्लँडमधून ग्राइंड केलेला गोल गज खाली सोडला आणि डायल गेज गाइडला टेकवून गजाच्या बाजूने वर-खाली नेला. काटा हलला, की सिलिंडरखाली पितळी शिम सारायची आणि पुन्हा पाहायचं. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत थांबला, तेव्हाच बोल्ट आवळून डॉवेल पिनांची भोकं पाडली. त्यानंतर घण गाइडमध्ये सोडला, तर तो स्वतःच्या वजनाने खाली गेला, कुठेही अडला नाही. मोठ्या घणांत ऐरण सांगाड्यापासून वेगळी, स्वतःच्या पायावर लाकडाच्या थरांवर बसवतात, म्हणजे घावाचा धक्का सांगाड्याला बसत नाही. मॉडेलमध्येही ऐरण वेगळीच ठेवली आणि खाली सागवानी फळी दिली.

उरतो व्हॉल्व्ह. त्याच्या चेहऱ्यावर तीन फटी असतात. कडेच्या दोन सिलिंडरच्या वर आणि खाली जातात, मधली बाहेर. त्यावरून सरकणारा छोटा गनमेटलचा व्हॉल्व्ह एका बाजूला वाफ देतो आणि दुसऱ्या बाजूची सोडतो. तो काचेवर बारीक पेस्ट घेऊन घासून बसवायचा, नाहीतर सगळा दाब तिथून गळतो. सोसायटीत बॉयलर पेटवण्यापेक्षा मी लहान कॉम्प्रेसरची हवा वापरतो. खऱ्या वाफेवर थंड सिलिंडरमध्ये आधी पाणी साचतं आणि पाणी दाबलं जात नाही, म्हणून तिथे ड्रेन कॉक उघडे ठेवून सुरुवात करावी लागते.

आता हिशेब. २० मिलिमीटर बोअर म्हणजे ३.१४ चौरस सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरला २ किलो दाब दिला, तर घणावर सव्वासहा किलोच्या आसपास जोर येतो. घण स्वतः ४०० ग्रॅमचा. म्हणजे वरून हवा दिली की घाव नुसत्या पडण्याच्या सोळा-सतरापट. शिशाची तार चपटी व्हायला तो पुरतो, तापलेली सळई घडवायला नाही. कारण यंत्र एक दशांश आकाराचं केलं की वजन एक हजारांशावर येतं आणि पडायचं अंतरही दहापट घटल्याने घावाची शक्ती दहा हजारांशावर.

ताबा मात्र आकाराबरोबर घटत नाही. नास्मिथचे लोक पाहुण्यांना वाइनच्या ग्लासात अंडं ठेवून घणाने फक्त अंडं फोडून दाखवत आणि पुढच्याच घावाला इमारत हादरवत. माझ्या मॉडेलच्या व्हॉल्व्हचा दांडा हळू सोडला, की दट्ट्याखाली कोंडलेली हवा कमी होत जाते आणि घण रिकाम्या काडेपेटीवर येऊन टेकतो. पेटी चेपत नाही. दांडा पुरता ओढला, की ती सपाट. जोर कॉम्प्रेसर देतो, पण घण काडेपेटीवर थांबतो तो निळ्या रंगाने खऱ्या केलेल्या तळामुळे, एका सेटिंगमध्ये कापलेल्या चेहऱ्यामुळे आणि काचेवर घासलेल्या व्हॉल्व्हमुळे. यातलं एक चुकलं, तर घण अडकतो किंवा आपटतो, मधलं काही उरत नाही.

म्हणून मला वाटतं, ठाणे-अंबरनाथच्या आयटीआयमधल्या फिटर-टर्नरच्या मुलांना असा एक संच करायला द्यावा. नुसता जॉब मापात आहे की नाही हे गेज सांगतं. इथे तीच मापं एकमेकांना भेटतात. आपण केलेल्या प्रत्येक कापाचं उत्तर दांडा हातात धरल्यावर लगेच मिळतं, आणि ते उत्तर त्यांना शाळेतल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा जास्त शिकवेल.