धंदा नेमका अडतो कुठे?

उद्योजक जन्मावा लागतो की घडवता येतो, या वादावर विद्यापीठांनी बराच कागद खर्च केला आहे. शुम्पीटरने 1911 मध्ये त्याला जुनी घडी मोडून नवी बसवणारा ठरवले. फ्रँक नाइटने 1921 मध्ये मांडले की ज्याचा हिशेबच मांडता येत नाही अशी अनिश्चितता तो अंगावर घेतो आणि नफा हा त्याचाच मोबदला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या मते कर्तृत्वाची आस शिकवता येते. 1964 च्या सुमारास काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादेत प्रशिक्षण देऊन त्यांनी ते करूनही पाहिले. 1988 मध्ये विल्यम गार्टनर यांनी ‘उद्योजक कोण?’ हा प्रश्नच चुकीचा ठरवला. तो काय करतो ते पाहा, म्हणाले. तरी कॉलेज सोडलेला विशीतला प्रतिभावंत काही लोकांच्या डोक्यातून जाईना. पियेर अझुले आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये अमेरिकी नोंदींवरून दाखवले की सर्वाधिक वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचे कंपनी काढतानाचे सरासरी वय 45 होते. (चाळिशीत नोकरी सोडू पाहणाऱ्यांनी हे घरी वाचून दाखवायला हरकत नाही.)

या साऱ्या गर्दीत मला एडिथ पेनरोझ जास्त पटतात. 1959 च्या ग्रंथात त्यांनी म्हटले की कंपनीच्या वाढीला वेसण घालतो तो कारभार पाहणाऱ्यांचा वेळ. नवी माणसे तयार करायला जुन्यांचाच वेळ जातो. म्हणून पैसा आणि गिऱ्हाईक असूनही धंदा एका मर्यादेपलीकडे पळत नाही.

याचा सज्जड पुरावा मिळाला तो आपल्या तारापूरला. आधी एक आकडा. अमेरिकेत 40 वर्षांच्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपटीहून अधिक कामगार असतात. भारतात तग धरलेला कारखाना तेवढ्याच काळात जेमतेम दुप्पट होतो, असे शिए आणि क्लेनो यांना 2014 मध्ये आढळले. का? निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी 2008 पासून तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या 17 कंपन्यांच्या 28 कापड कारखान्यांत प्रयोग केला. सुताचा साठा अस्ताव्यस्त, माग बंद पडला की मगच दुरुस्ती, कापडातल्या दोषांची नोंद व्हायची पण ती पुन्हा कुणी उघडत नसे. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेल्या काही कारखान्यांना महिनोन्‌महिने फुकट सल्लागार दिले. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली.

मग हे आधीच का केले नव्हते? बरेच मालक आपले ठीक चालले आहे असेच समजत होते. त्याहून बोलका निष्कर्ष पुढचा: कंपनी किती मोठी, हे कारभार किती चोख यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती यावरून जास्त नेमके सांगता येत होते. भाऊ, मुलगे, पुतणे संपले की विस्तार थांबला. बाहेरच्याच्या हाती तिजोरी द्यायची भीती. त्याने हात मारला तर कोर्टात किती वर्षे जातील याचा नेम नाही. लेकी-सुना या मोजणीत येतच नाहीत, हे संशोधकांपेक्षा आपल्यालाच अधिक बोचायला हवे.

नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. प्रयोगातल्या कारखान्यांनी उचललेल्या पद्धतींपैकी निम्म्या सुटल्या होत्या, तरी इतरांपेक्षा ते पुढेच होते. त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत या पद्धती पसरल्या, शेजारच्या कंपनीत मात्र फारशा नाहीत. का सुटल्या, असे विचारल्यावर दोन कारणे वारंवार पुढे आली: मॅनेजर बदलला, आणि मालकाला वेळ नाही.