घाट उतरताना न्यूट्रलचा मोह

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याची सवय अनेक चालकांना आहे. कार्ब्युरेटरच्या काळात तिच्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत हिशेब नेमका उलटा आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत इंधनाचा पुरवठा बंद राहतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच असते. गाडी हलकी पळते, म्हणून ती कमी पिते असे वाटते, इतकेच.

खरा धोका ब्रेकचा. इंजिनाचा रोध नाहीसा झाल्याने सारा भार त्यांच्यावर येतो आणि ते तापून ऐन वळणावर दगा देऊ शकतात. अशा वेळी घाईने खालचा गिअर टाकला, तर तो हिसका क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. क्लच दाबून उतरणे हेही न्यूट्रलच. त्यात क्लचचे बेअरिंग विनाकारण झिजते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, आणि हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा.