सुगरणीचे घरटे आणि मानशीची झडप

सुगरण पक्षी गवताची पाती विणून फांदीस घरटे टांगतो. वाळवी मातीचे वारूळ उभारते आणि आत हवा खेळती ठेवते. ही निसर्गाची किमया, असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु मनुष्याने चिऱ्यांचे घर बांधले, नदीवर पूल घातला, की लागलीच आपली भाषा बदलते. हे मानवाचे, ते निसर्गाचे, अशी रेघ आपण ओढतो. ही रेघ खरी आहे काय? प्रश्न पंडितांचा वाटेल. पण गोमंतकाच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या तालुक्यांकडे पाहिले, म्हणजे तो आपल्या शेताच्या बांधावरचाच आहे, हे ध्यानात येते.

प्रथम खाजन शेती पाहू. पेडण्यात तेरेखोल व शापोरा या नद्यांच्या काठी, डिचोलीत मांडवीच्या बाजूस, भरतीचे खारे पाणी आत येते. आपल्या पूर्वजांनी माती, पेंढा व चिरे यांचे बांध घालून त्या चिखलातून भातजमीन मिळविली. बांधात त्यांनी मानस बसविली. तिची लाकडी झडप भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. तिला ना तेल लागते, ना वीज. चंद्र-सूर्याच्या ओढीने चढणारे-उतरणारे पाणीच हे यंत्र चालविते. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन नेले, म्हणजे तेथे कोरगुट भात पेरतात. थोडाबहुत खारेपणा सोसणारे हे बियाणे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जतन केले. मानशीपाशी जाळे लावून मासळीही मिळते.

आता सांगावे, येथे निसर्ग कोठे संपला व मनुष्य कोठे सुरू झाला? कुर्ल्या बांधास भोके पाडतात, बाहेरच्या अंगाची खारफुटी त्याच बांधाचे लाटांपासून रक्षण करते, आणि गांवकरी दरवर्षी डागडुजी करतात. १५२६ सालच्या फोरालमध्ये तिसवाडीच्या गांवकऱ्यांचे रिवाज नोंदविलेले आहेत. एकत्र येऊन जमीन सांभाळण्याची ही रीत त्याहूनही जुनी. डागडुजी थांबली, की बांध फुटतो, खारे पाणी आत शिरते आणि भाताची जागा खारफुटी घेते. आमच्या मते मनुष्याची कारागिरी ही सृष्टीचाच भाग होय. ज्या हातांनी मानस घडविली, ते हातही सृष्टीतलेच.

परंतु येथे एक पळवाट निघते. कोणी म्हणेल, वारूळ जर निसर्ग, तर खाणीचा ढीगही निसर्गच. मग तक्रार कशाची? डिचोली तालुक्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर काढण्यात आले. गोमंतकात १ टन खनिजामागे साधारणतः अडीच ते तीन टन माती व दगड उपसावा लागतो. त्याचे ढीग रचले जातात, आणि पावसात त्यांची माती ओहोळांतून शेतांत उतरते. शिरगांवात खाण भूजलाच्या पातळीखाली गेली, विहिरी आटल्या, आणि गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ते सुरू करू दिले. २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. लिलावानंतर डिचोलीत २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले. ट्रक व बार्ज यांवर ज्यांचे पोट होते, त्या घरांनी बंदीची झळ सोसली. ज्यांची शेते लाल चिखलाने भरली, त्यांनी त्याआधीची.

खनिज सृष्टीतले, यंत्राचे लोखंडही सृष्टीतले, हे कबूल. पण नैसर्गिक म्हणजे निर्दोष नव्हे. महापूर व रोगराईही नैसर्गिकच असतात. वाळवीस जाब विचारता येत नाही, मनुष्यास विचारता येतो. कारण आपल्या कृतीने उद्या शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होईल, हे त्यास आज समजू शकते. हे समजणे हीसुद्धा निसर्गानेच दिलेली देणगी आहे.

पेडण्यातील मोपाचे पठार याच कसोटीवर पाहावे. तेथील मनोहर विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आखातात किंवा जहाजावर नोकरीस गेलेला मुलगा आता तेथे उतरून थोड्या वेळात घरी येतो; ही सोय लहान नव्हे. परंतु जांभ्याचा सडा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना पुरवितो. म्हणूनच तेथे काय बांधावे व कसे, हा प्रश्न होता. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित ठेवून फेरविचार करावयास सांगितले, आणि जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठविली. त्या अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहणे नागरिकांचेही काम आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर आदामास बागेत ठेवतो, तो मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागत म्हटली, की अवजार आलेच. परंतु राखण तिच्या जोडीला सांगितलेली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच जोडी पुढे मांडून, मनुष्याची कल्पकता ही ईश्वराची देणगी मानली आणि तिच्या वापरास जबाबदारीची मर्यादा घातली.

तेव्हा वाचकहो, नवीन रस्ता, खाण वा कारखाना गावात येत असता, तो निसर्गाच्या आतला की बाहेरचा, या वादात शिरू नये. ग्रामसभेत सरळ विचारावे: यातले पाणी कोठून येईल व कोठे जाईल? बिघाड झाला, तर दुरुस्ती कोण करील? आणि काम आटोपल्यावर ही जागा मुलांच्या हाती कोणत्या स्थितीत पडेल? मानस बसविणाऱ्यांनी पाण्याची वाट आधी पाहिली होती. म्हणूनच त्यांच्या बांधाआड आजही भात पिकते.