चिकावर पहिला हक्क वासराचा

गाय व्याली कीं घरांत जो आनंद होतो त्याचें वर्णन शेतकरी वाचकांस करून सांगण्याची गरज नाहीं. चुलीवर गूळ-वेलदोड्याचा खरवस चढतो, शेजारीपाजारी वाटी पोंचती होते आणि लेकीच्या सासरीं डबा जातो. हा आनंद योग्यच आहे. परंतु या गडबडींत कोपऱ्यांत थरथरत उभ्या असलेल्या वासराच्या पोटांत त्या चिकापैकीं किती गेला, व तो किती वाजतां गेला, याची चौकशी क्वचितच होते. पुढें आठ-दहा दिवसांनीं वासरास हगवण लागते, तें दोन दिवसांत मान टाकतें, आणि आपण म्हणतों, ‘दृष्ट लागली’ किंवा ‘दूध बाधलें’. पुष्कळ वेळां या मृत्यूचें मूळ त्या दिवसांत नसून जन्माच्या पहिल्या दिवसांत असतें, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आमच्याच दावणीवरील एक चूक सांगणें आम्हांस प्राप्त आहे. आमची एक संकरित गाय पहिल्या वेतास रात्रीं व्याली. कालवड झाली, म्हणून घरांत सर्वांस विशेष संतोष. ‘वार पडल्याशिवाय वासरूं लावूं नये’ असें घरांतील वडील माणसांनीं सांगितलें व आम्हीं तें मानलें. वार पडावयास सकाळ उजाडली. मग धार काढली, ती पांच घरीं वांटली गेली, आणि कालवडीच्या वाट्यास जें आलें तें ओंजळभरच म्हणावें. सातव्या दिवशीं तिला पिवळट पाण्यासारखी हगवण लागली, डोळे खोल गेले, आणि नवव्या दिवशीं ती गेली. पशुवैद्य आले तेव्हां त्यांनीं एकच प्रश्न विचारला: ‘पहिला चीक किती वाजतां व किती पाजला?’ ज्यांचा जन्म महसुलाच्या दप्तरांत तारखा व वेळा नोंदण्यांत गेला, त्या आम्हांपाशीं या प्रश्नास उत्तर नव्हतें.

आतां रोगाकडे वळूं. लहान वासरांची हगवण अनेक कारणांनीं होते. कांहीं जंतूंमुळें, कांहीं अतिसूक्ष्म परोपजीवी प्राण्यांमुळें, आणि पुष्कळ ठिकाणीं विषाणूंमुळें. विषाणूंत मुख्य दोन: रोटा व गुरांचा कोरोना. हा कोरोना २०२० सालीं माणसांत पसरलेल्या सांथीच्या विषाणूहून निराळा, हें ध्यानांत ठेवावें. वासरांच्या हगवणींतील रोटा विषाणूची ओळख अमेरिकेंतील नेब्रास्का विद्यापीठांत चार्ल्स मेबस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६९ सालीं पटविली. सूक्ष्मदर्शकांत तो चाकासारखा दिसतो, आणि लॅटिन भाषेंत चाकास ‘रोटा’ म्हणतात, यावरून पुढें त्यास हें नांव मिळालें. रोटाचा हल्ला बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतो. कोरोनाचा महिन्याभरांत केव्हांहि होऊं शकतो.

हे विषाणु शेणांतून बाहेर पडतात व तोंडावाटे आंत जातात. वरून धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या गाईहि त्यांस शेणावाटे टाकीत असतात. वासराच्या आंतड्यास आंतून मखमलीसारखी बारीक लव असते. तिच्यावाटेंच दूध व पाणी अंगीं लागतें. विषाणु ही लवच कुरतडून टाकतो. मग प्यालेलें दूध न पचतां पुढें जातें, अंगांतील पाणी व क्षार त्यासह निघून जातात, आणि वासरूं मरतें तें मुख्यतः या कोरडेपणानें. विषाणूस मारील असें औषध पशुवैद्यांच्या पेटींत नाहीं. जंतूंवर चालणारीं प्रतिजैविकें त्यावर चालत नाहींत. म्हणून येथें उपायापेक्षां बचाव श्रेष्ठ, व तो बचाव आईच्या कासेंत आहे.

तो कसा, तें पाहूं. ज्या रोगाशीं शरीराची एकदां गांठ पडली, त्याच्याशीं झुंजणारीं द्रव्यें रक्तांत तयार होतात. त्यांस प्रतिपिंडें म्हणतात. मनुष्याच्या मुलास त्यांपैकीं बराचसा भाग आईच्या पोटांतच, वारेच्या वाटेनें मिळतो. गाय व म्हैस यांची वार निराळ्या रचनेची असून तिच्यांतून हीं प्रतिपिंडें पलीकडे जात नाहींत. म्हणजे वासरूं जन्मास येतें तें या बाबतींत अगदीं रित्या हातानें. निसर्गानें त्याची भरपाई चिकांत ठेविली आहे. विण्यापूर्वींच्या शेवटच्या कांहीं आठवड्यांत गाय आपल्या रक्तांतील प्रतिपिंडें कासेंत सांठवूं लागते, आणि पहिल्या धारेंत त्यांचें प्रमाण सर्वांत अधिक असतें. दुसऱ्या धारेस तें बरेंच घटतें, आणि तीन-चार दिवसांत साधें दूध येऊं लागतें.

आईच्या दुधावाटे संरक्षण पिलास पोंचतें, हें जर्मनीतील पॉल अर्लिख यांनीं १८९२ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें. वासरांविषयीं निर्णायक काम १९२२ सालीं अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेंत थिओबाल्ड स्मिथ व राल्फ लिटल यांनीं केलें. चीक न मिळालेलीं बहुतेक वासरें त्यांच्या प्रयोगांत दगावलीं, आणि चीक मिळालेलीं जगलीं. या गोष्टीस शंभर वर्षें उलटून गेलीं, तरी वार पडण्याची वाट पाहणारीं घरें आपल्याकडे अजून आहेत.

वाट पाहण्यांत धोका हा कीं, येथें मुदत आहे. नुकत्याच जन्मलेल्या वासराचें आंतडें हीं प्रतिपिंडें जशींच्या तशीं रक्तांत घेऊं शकतें. पण ही शक्ति पहिल्या ६ तासांत चांगली, पुढें तासातासानें कमी, आणि २४ तासांच्या सुमारास संपलेली असते. शेतकऱ्यांस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें तर, हा आईकडून येणारा वारसा आहे; पण या वारशाची नोंद एका दिवसांत झाली नाहीं, तर मागाहून कोठेंहि अपील चालत नाहीं. दुसऱ्या दिवशीं घागरभर चीक पाजला तरी तो रक्तांत जात नाहीं.

आतां वारेविषयीं. वार पडावयास कित्येकदां आठ ते बारा तास लागतात. तेवढ्यांत वासराचा अर्धा सुकाळ सरून जातो. वासरूं चोखूं लागलें म्हणजे गाईचें गर्भाशय आकुंचन पावतें व वार सुटण्यास उलट मदतच होते. सबब ही समजूत मोडण्यांत गाईचें नुकसान नसून लाभ आहे.

खरवसाविषयींहि दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. साधें दूध कितीहि उकडलें तरी त्याची वडी पडत नाहीं, आणि चीक मात्र नुसत्या वाफेवर घट्ट होतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. याचें कारण काय? चिकांत प्रथिनें विपुल असतात व त्यांत प्रतिपिंडांचा भाग फार मोठा असतो. उष्णतेनें तीं गोठतात. म्हणजे जी वस्तु वासराचा प्राण वांचवावयाची, तीच आपण वडी पाडून खातों. वडी जितकी छान धरते, तितका तो चीक वासराच्या कामाचा होता, असें समजावें. खरवस करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मोठ्या संकरित गाईस चीक वासराच्या गरजेहून अधिक होतो. देशी गाईस तो बेताचाच असतो. हिशेब इतकाच: आधीं वासराचें माप, मग उरेल तें घराचें.

तें माप असें. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पहिल्या सहा तासांत पोटांत जावा. त्यांतहि जितका पिईल तितका पहिल्या दोन तासांत. ३० किलोच्या संकरित वासरास ३ लिटर, २० किलोच्या देशी वासरास २ लिटर. पुढील सहा तासांत याच्या निम्मा आणखी द्यावा. वासरूं नुसतें आईस लावलें म्हणजे पोट भरलेंच असें नाहीं. अशक्त वासरूं सड नीट धरीत नाहीं. म्हणून कास व सड धुऊन, पुसून, स्वच्छ भांड्यांत धार काढावी व निपलाच्या बाटलीनें मोजून पाजावी. चीक अंगाइतका कोमट असावा. उकळूं मात्र नये. पाजल्याची वेळ व माप भिंतीवर खडूनें तरी लिहून ठेवावें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रक्तांत गेलेलीं प्रतिपिंडें सर्वांगाचें रक्षण करतात. पण रोटा विषाणु आंतड्याच्या आंतल्या अंगासच धरतो. तेथें त्यास अडविण्यास दुधांतून रोज येणारीं प्रतिपिंडें आंतड्यांतच हजर असावीं लागतात. सामान्य गाईच्या दुधांत तीं दोन-तीन दिवसांतच फार उणीं होतात, आणि रोग येतो तो पांचव्या-सहाव्या दिवसापासून. हें मधलें खिंडार बुजविण्यासाठीं गाभण गाईस लस टोंचण्याची युक्ति निघाली. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत लिंडा सैफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कामांत दिसून आलें कीं, लस दिलेल्या गाईंचा चीक रोजच्या दुधांत थोडा थोडा मिसळून दिल्यास वासरांचा रोटापासून बचाव होतो. सबब पहिल्या धारेनंतर खरवसास न लागलेला चीक व पुढच्या तीन दिवसांचें दूध फ्रिजमध्यें ठेवून, दोन आठवडे वासराच्या दुधांत थोडें थोडें घालीत जावें. आठवड्यापलीकडे ठेवावयाचें तें मात्र गोठवून ठेवावें.

ही लस आईस द्यावयाची, वासरास नव्हे. रोटा, कोरोना व हगवणीचे ई. कोलाय जंतु या तिघांविरुद्ध एकत्र अशा लशी निघालेल्या आहेत. त्या विण्यापूर्वीं साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या अवधींत टोंचतात. कांहींची एक मात्रा पुरते, कांहींच्या दोन लागतात. आपल्या भागांत ती मिळते काय व आपल्या गोठ्यास तिची जरुरी आहे काय, हें गाय सात महिन्यांची गाभण असतांनाच पशुवैद्यांस विचारावें. मात्र लस टोंचून चीक न पाजणें म्हणजे विहीर खणून मोट न जोडण्यासारखें आहे. उलट लस न मिळाली तरी चिकाचें मोल जात नाहीं. कारण बहुतेक थोराड गाईंचा या विषाणूंशीं पूर्वींच परिचय झालेला असतो.

चीक कसदार यावा म्हणून गाय विण्यापूर्वीं दोन महिने आटवावी. अखेरपर्यंत धार काढीत राहिल्यास चीक पातळ पडतो. विण्याआधींच कास गळत असेल तर त्या गाईच्या चिकावर विसंबूं नये. बाजारांतून गाभण गाय आणावयाची तर अगदीं दिवस भरत आलेली न आणतां निदान दीड-दोन महिने आधीं आणावी, म्हणजे आपल्या गोठ्यांतील जंतूंची तिला ओळख होऊन त्यांविरुद्धचीं प्रतिपिंडें तिच्या चिकांत उतरतात. ज्या घरीं शीतपेटी आहे त्यांनीं निरोगी, वयस्क गाईचा पहिल्या धारेचा जादा चीक बाटल्यांत गोठवून ठेवावा. तो वर्षभर टिकतो. वेळ पडतां कोमट पाण्यांत बाटली ठेवून तो पातळ करावा, आंचेवर धरूं नये.

चिकाच्या जोडीस स्वच्छता हवी. शेणांतील विषाणूंचा भडिमार मोठा असेल तर उत्तम चीकहि अपुरा पडतो. विण्याची जागा कोरडी व ताज्या पेंढ्याची असावी, वासरें मोठ्या गुरांपासून वेगळीं असावींत, आधीं निरोगी वासरांस पाजून मग आजाऱ्याकडे जावें व हात धुवावेत. हगवण लागलीच तर दूध तोडूं नये. दोन दुधांच्या मध्यें जलसंजीवनीचें पाणी लिटर-दीड लिटर, दिवसांतून तीन-चार वेळां द्यावें. वासरूं उठत नसेल, कान गार पडले असतील, चोखत नसेल, तर शिरेंतून सलाईन देण्यासाठीं तात्काळ पशुवैद्य बोलवावा; उद्यांवर ढकलूं नये.

त्याच गाईच्या पुढच्या वेतास आम्हीं दिव्याखालीं घड्याळ घेऊन बसलों. वासरूं उभें राहण्यापूर्वींच बाटली तयार होती. पहिल्या तासांत दीड लिटर, सहा तासांच्या आंत उरलेला दीड. शेजारच्यांस त्या दिवशीं वाटी गेली नाहीं, व एक-दोघांनीं तें बोलूनहि दाखविलें. वासरूं जगलें. एका वासरावरून सिद्धांत होत नाहीं, हें आम्ही जाणतों. सिद्धांत शास्त्रज्ञांनीं केव्हांच मांडून ठेविला आहे. आमच्या पदरीं फक्त तो उशिरां शिकल्याची खंत आहे.

कालवड म्हणजे तीन वर्षांनंतरची गाय. तिचा जीव पांच वाट्या खरवसापायीं घालविणें कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं. म्हणून सभासद बंधूंस विनंति इतकीच कीं, यापुढें गाय व्याली म्हणजे वाटी घेऊन येणाऱ्यास हंसतमुखानें बसवावें, आणि सांगावें, ‘थोडें थांबा, आधीं वासराचें होऊं द्या.’