बॅकअप घेतलात; तो उघडून पाहिलात का?

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीचा एक अभियंता नेदरलँड्समध्ये उशिरापर्यंत काम करत बसला होता. जगभरातले प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात, त्या मोजक्या वेबसाइटींपैकी ही एक. त्या दिवशी डेटाबेसवर ताण आला होता आणि मुख्य सर्व्हरवरची माहिती जोडीच्या दुय्यम सर्व्हरपर्यंत पोहोचेनाशी झाली होती. दुय्यम सर्व्हर रिकामा करून नव्याने भरून घ्यावा, या विचाराने अभियंत्याने पुसण्याची आज्ञा दिली. एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आले की, ही आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली आहे. त्याने ती लगेच थांबवली. तोवर सुमारे 300 गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले होते.

चुकीच्या जागी आज्ञा देणे कोणाच्याही हातून होऊ शकते. शिकण्यासारखे आहे ते त्यानंतरचे. कंपनीकडे माहिती जपण्याच्या एकूण पाच व्यवस्था होत्या, निदान कागदावर तरी. त्या एकेक करून तपासल्या गेल्या. रोजचा बॅकअप ज्या जागी साठायचा ती जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम 9.2 या जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, त्यामुळे तो रोज सुरू व्हायचा आणि रोज एरर देऊन बंद पडायचा. एरर आली की ईमेल जावी, अशीही सोय होती. पण त्या ईमेलवर प्रमाणीकरणाची सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर त्या परत फिरवत होता. क्लाउडवर डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय इतर सर्व्हरसाठी चालू होती, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी ती चालूच केलेली नव्हती. शेवटी कामी आली ती एकच प्रत. घटनेच्या साधारण सहा तास आधी कोणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने काढलेली. ती योगायोगाने तिथे होती. तिच्यावरून माहिती परत चढवायला सुमारे 18 तास लागले आणि मधल्या काळातले जवळपास 5,000 प्रकल्पांचे तपशील, तितक्याच प्रतिक्रिया आणि 700 नवी खाती कायमची गेली.

गिटलॅबने हे सगळे लपवले नाही. दुरुस्तीचे काम चालू असताना ते यूट्यूबवर थेट दाखवले, नंतर बारकाव्यांसह अहवाल प्रसिद्ध केला. म्हणूनच आपल्याला हे तपशील माहीत आहेत. या प्रामाणिकपणाचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण या घटनेतून जे दिसते ते अन्यत्र क्वचितच इतके स्पष्ट दिसते: बॅकअप बिघडला तर तो आवाज करत नाही. वेबसाइट बंद पडली की पाच मिनिटांत फोन वाजू लागतात. बॅकअप बंद पडला तर महिनोन् महिने काहीच होत नाही. तो बंद आहे हे कळते ते थेट गरज पडते त्या दिवशी.

छोट्या संस्थांच्या वेबसाइटी सांभाळताना हे वारंवार दिसते. एखादे वाचनालय किंवा शाळा म्हणते, 'आमचा बॅकअप आहे.' उघडून पाहावे तर त्यात फोटो असतात, डिझाइन असते, पण लेख एकही नसतो. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत मजकूर फाइलींमध्ये नसतो, तो वेगळ्या डेटाबेसमध्ये असतो. फोल्डर कॉपी केला की सगळे आले, हा समज अगदी स्वाभाविक आहे आणि तो चुकीचा आहे. आणखी एक अडचण नेहमी आढळते. संस्थेच्या डोमेन नावाची मुदत संपत आल्याची सूचना ज्या ईमेलवर येते, तो पत्ता त्याच डोमेनवरचा असतो. डोमेन बंद पडले की ईमेलही बंद, आणि पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच बंद पत्त्यावर जाते. गिटलॅबच्या परत फिरलेल्या ईमेलींचेच हे छोटे रूप आहे.

आता थोडे गणित. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर असलेली तबकडी मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावरून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत जाते. माणसाचा केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून ही फट किती अरुंद आहे याची कल्पना येईल. असे यंत्र कधीतरी बिघडणारच. हजारो डिस्क वापरणाऱ्या आणि त्यांच्या बिघाडाचे आकडे नियमितपणे प्रसिद्ध करणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीच्या अनुभवानुसार वर्षाला शंभरातली एखाद-दुसरी डिस्क दगावते. हिशेबासाठी शंभरात एक धरू. दोन डिस्कवर प्रती ठेवल्या तर दोन्ही एकाच वर्षी जाण्याची शक्यता दहा हजारांत एक, तीन असतील तर दहा लाखांत एक. पण हा गुणाकार एकाच अटीवर चालतो: एक प्रत जाण्याचा दुसरी जाण्याशी काहीही संबंध नसला पाहिजे. संभाव्यतेच्या शास्त्रात याला स्वतंत्र घटना म्हणतात. दोन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर आगीच्या वेळी त्या दोन नसतात, एकच असते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या बाजारपेठांत पाणी शिरले. अशा वेळी दुकानातला संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेला हिशेबाचा पेन ड्राइव्ह एकाच पाण्यात जातात. मोठ्या कंपन्यांचीही यातून सुटका नाही. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. लाखो वेबसाइटी बंद पडल्या. काही ग्राहकांचे बॅकअपसुद्धा त्याच आवारात ठेवलेले होते. तो वाद पुढे न्यायालयात गेला. 26 सप्टेंबर 2025 रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम-आयन बॅटरीने पेट घेतला आणि सरकारी कर्मचारी ज्यावर आपली कामाची कागदपत्रे ठेवत होते ती 'जी-ड्राइव्ह' ही व्यवस्था जळाली. 858 टेराबाइट माहिती. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. साठा फार मोठा असल्याने बाहेर बॅकअप घेणे जमले नाही, असे कारण देण्यात आले. मला हे कारण पटत नाही. साठा जितका मोठा, तितके त्यावर अवलंबून असलेले लोक जास्त.

वेगळी इमारत, वेगळे शहर हे झाले जागेचे स्वातंत्र्य. पण प्रती आणखी एका धाग्याने बांधलेल्या असतात आणि तो धागा डोळ्यांना दिसत नाही: त्या सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर चालते. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या सुमारे 0.02 टक्के वापरकर्त्यांना आपला इनबॉक्स रिकामा दिसला. गूगलकडे प्रत्येक ईमेलच्या निरनिराळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या. पण नव्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाने त्या सगळ्या प्रतींवर एकाच वेळी परिणाम केला. ईमेल परत आल्या त्या चुंबकीय टेपवरून. कॅसेटसारखी ही जुनी वाटणारी टेप कोणत्याही चालू यंत्रणेला जोडलेली नव्हती, त्यामुळे दोष तिथवर पोहोचलाच नाही. मे 2017 मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याच्या वेळीही असाच अनुभव आला. असा व्हायरस संगणकाला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फाइलींना कुलूप घालत सुटतो. बाजूला काढून ठेवलेली डिस्क त्याच्या हाती लागत नाही.

फोनवरच्या फोटोंबाबत बहुतेकांची गल्लत होते ती इथेच. 'माझे सगळे क्लाउडवर आहे' असे आपण म्हणतो, पण फोन आणि क्लाउड यांच्यात जे चालते ते प्रामुख्याने सिंक असते. दोन्ही ठिकाणी एकच चित्र राहावे, हे सिंकचे काम. गूगल फोटोजमध्ये फोनवरून फोटो डिलीट केला की तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो आणि मग कायमचा पुसला जातो. म्हणजे आपली चूकही इमानेइतबारे दोन्हीकडे पोहोचते. शिवाय मोफत जागा 15 गिगाबाइट, आणि ती फोटो, ईमेल व ड्राइव्ह मिळून. 1 जून 2021 पासून फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली की नवे फोटो वर जाणे थांबते आणि ती सूचना आपण बोटाने बाजूला सारतो. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. आजोबा गेल्यावर त्यांच्या खात्यातले फोटो 'आहेतच की' म्हणून राहू देणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे.

कंपनी टिकेल, सेवा टिकेल, हेही गृहीत धरू नये. आपल्याकडे एकेकाळी घराघरांत पोहोचलेले ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. मायस्पेसने 2019 मध्ये मान्य केले की, 2003 ते 2015 या काळात लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाले. त्यातल्या अनेक हौशी वादकांकडे स्वतःची दुसरी प्रत नव्हती.

यावर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला 3-2-1 चा नियम आजही उपयोगी आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आत्ताच्या काळात त्यात एक भर हवी, ती म्हणजे एक प्रत कशालाही न जोडलेली असावी. पेन ड्राइव्ह मात्र या कामासाठी फार भरवशाचा नाही. त्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेले इलेक्ट्रॉन असतात. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिला तर ते हळूहळू गळतात आणि उष्णतेत अधिक लवकर गळतात. विदर्भातल्या मे महिन्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर लग्नाच्या फोटोंची एकुलती एक प्रत ठेवू नये.

फाइल तीच आहे का, हे तपासण्याची एक सुंदर पद्धत संगणकशास्त्राने दिली आहे. एसएचए-256 नावाचे गणिती सूत्र कोणत्याही फाइलीपासून 64 अक्षरांचा एक ठसा तयार करते. 'पाऊस' एवढाच शब्द असलेली फाइल घ्या आणि तिचा ठसा काढा. मग दीर्घ ऊ काढून ऱ्हस्व उ लिहा आणि पुन्हा ठसा काढा. शब्दात एक अक्षर बदलले, पण ठसा पूर्णपणे वेगळा येतो. दोन तासांच्या व्हिडिओतला एक बिट उलटला तरी हेच होते. मूळ फाइलीचा ठसा लिहून ठेवला असेल, तर पाच वर्षांनी प्रत अजून शाबूत आहे की आतून किडली आहे, हे मिनिटभरात कळते. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींत ही सोय आधीपासूनच आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

पण ठसा जुळला म्हणजे काम झाले असे नाही, कारण प्रत शाबूत असूनही ती उघडता न येणे शक्य आहे. व्हॉट्सॲपचा बॅकअप पासवर्डने किंवा 64 अंकी चावीने कुलूपबंद करता येतो. हे कुलूप चांगले आहे, अवश्य लावावे. मात्र ती चावी हरवली तर व्हॉट्सॲपसुद्धा बॅकअप उघडून देऊ शकत नाही. क्लाउडच्या खात्यात शिरायला ओटीपी लागतो आणि तो येतो फोनवर. फोन चोरीला गेला तर नव्या सिमची वाट पाहावी लागते. 90 दिवस काहीच वापर नसलेला प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. गावाकडच्या आईवडिलांच्या खात्यांना कोणता नंबर जोडलेला आहे आणि तो चालू आहे का, हे एकदा विचारून घ्या.

म्हणून माझी विनंती बॅकअप घ्या अशी नाही, ती बहुतेकांनी कधीतरी ऐकलेली असते. विनंती अशी की, येत्या सुट्टीच्या दिवशी तो परत आणून पाहा. पाच-सहा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो, एक पीडीएफ आणि एक व्हिडिओ निवडा. तुमचा नेहमीचा फोन बाजूला ठेवा आणि दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर त्या तीन फाइली मिळवून दाखवा. संस्थेची वेबसाइट असेल तर बॅकअपवरून ती रिकाम्या जागी उभी करा आणि त्यातला सर्वात जुना लेख उघडतो का पाहा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा आणि सहा महिन्यांनी पुन्हा करून पाहा. आणि चाव्या, पासवर्ड, जोडलेला नंबर हे सगळे एका कागदावर लिहून तो कुठे ठेवला आहे, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगा.